पनवेल–मस्जिद हार्बर, रोजची ये-जा: मोबाईल बाजूला ठेवून काय करता येईल?

नवा_पासधारक

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण उत्तरं नेमकी हवीत.

मार्ग पनवेल ते मस्जिद, मुंबईची हार्बर लोकल. सकाळी ७:५५ च्या आसपासची गाडी. पनवेलहूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. पाच-सात मिनिटं आधी पोचलं तर खिडकीही. वाशीचा पूल साडेआठच्या सुमारास येतो. परतीला सव्वासहाची गाडी. मस्जिदला नुसतं आत शिरता आलं तरी नशीब, वाशी-नेरुळपर्यंत उभं, पुढे बसायला जागा. तेव्हा पूल सातच्या आगेमागे.

मोबाईलचा कंटाळा आलाय. ‘वेळेचा सदुपयोग’ नकोय. परदेशी भाषा शिका, गुंतवणूक शिका, ध्यान करा, हे कृपया नको. जाता-येता थोडी मजा वाटावी, बस. सॅकमध्ये डबा आणि छत्री असते, म्हणून वजनदार काही चालणार नाही. खर्च आठवड्याला पन्नासेक रुपये धरा.

कुठल्या बाजूला बसायचं, काय बघायचं, हाताला काय द्यायचं आणि कशात फसगत होते, ते सांगा.

खाडीकाठ

आधी बाजू ठरवा. मुंबईकडे जाताना डावी खिडकी. नेरुळपासून सानपाड्यापर्यंत सकाळचं ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावीकडे सावली. आणि वाशीच्या पुलावर उजवीकडे गाड्यांचे पूल आडवे येतात, डावीकडे खाडी मोकळी दिसते. परतताना हेच उलटं, उजवी बाजू. लक्षात ठेवायला सोपं: रस्त्याचा पूल ज्या खिडकीतून दिसत नाही ती आपली.

आता मुख्य गोष्ट. या पुलावरून रोज जाणारे बहुतेक लोक एकदा बाहेर बघतात, नुसतं गढूळ पाणी दिसतं, आणि पुन्हा कधी बघत नाहीत. त्यांनी बघितलं ती वेळ भरतीची होती एवढंच. खाडी बघायची ती ओहोटीला. चिखल उघडा पडला की पक्षी चरायला उतरतात. ओहोटी कधी हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं, ॲप लागत नाही.

कोळ्यांचा जुना हिशेब पाऊणकीचा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनला भरती. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आगेमागे, म्हणजे सकाळी नवाला थोडी कमी असताना. तुमचा पूल साडेआठला. पाणी जवळजवळ तळाला गेलेलं असतं.

तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणून ओहोटी आठच्या सुमारास. द्वितीयेला ती सव्वासातच्या आसपास, पंचमीला साडेनऊच्या. ओहोटीच्या आधी-नंतर दोनेक तास चिखल उघडाच असतो, म्हणून द्वितीया ते पंचमी हे चार दिवस तुमचे, महिन्यातून दोनदा. शिवाय सगळ्यात मोठी भरती-ओहोटी पुनवेच्या किंवा अमावस्येच्या दिवशी होत नाही, तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी होते. म्हणजे तुमच्या या दिवसांत पाणी खूप खोलवर मागे हटतं.

उलट एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ. साडेआठला खाडी तुडुंब, तिवरांची पानं पाण्याला टेकलेली. तेही बघण्यासारखं आहे, फक्त पक्ष्यांची अपेक्षा ठेवू नका.

पक्षी कोणते? नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. या खाडीत धाकटा रोहित जास्त. गाडीतून तो पक्षी म्हणून दिसतच नाही, चिखलाच्या कडेला फिकट गुलाबी रेघ दिसते. ती रेघ पुलापासून दोन-तीनशे मीटरवर शोधा. नजर जवळच्या पाण्यात ठेवली की हमखास चुकते. पुलावर तुम्हाला दोन-अडीच मिनिटं मिळतात. पहिलं अर्धं मिनिट शोधण्यात घालवा, मग एकाच थव्यावर नजर ठेवा, सगळीकडे फिरवू नका.

शेकाट्या

खाडीकाठ यांच्याशी सहमत, दोन दुरुस्त्या.

पाऊणकी प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत चांगली जमते. अष्टमीच्या जवळ गेलं की डळमळते, कारण त्या दिवसांत भरती रोज सारखी पुढे सरकत नाही. पुनव-अमावस्येनंतर ती दिवसाला चाळीसेक मिनिटं सरकते, अष्टमी-नवमीला तासाहून जास्त. म्हणून नवमी ते चतुर्दशी हिशेबात पाऊण तासापर्यंत चूक धरा. अष्टमीला पाणी फार खाली जातही नाही, तेव्हा चिखलाचा पट्टा अरुंद असतो. आणि छापील भरती-ओहोटीचे आकडे अपोलो बंदरचे असतात. वाशी खाडीच्या आत आहे, तिथे पाणी थोडं उशिरा पोचतं.

दुसरं, परतीचं. सात वाजता पुलावर ओहोटी हवी तर ती तुम्हाला प्रतिपदेच्या आगेमागे मिळेल. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-साडेसहालाच मावळतो, सातला काळोख. तेव्हा संध्याकाळचा पूल मार्चअखेर ते मे एवढाच उपयोगी. एप्रिल-मेमध्ये सातच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि ओला चिखल तांबूस चमकतो. तुम्ही उभे असाल, तर वाशी यायच्या आधी मानखुर्दलाच उजवीकडच्या दाराजवळच्या पॅसेजमध्ये सरका. दारात नाही. पॅसेजमधून, दोन माणसांच्या खांद्यांमधून पुरेसं दिसतं.

ओळखण्याबद्दल: गुलाबीच शोधत बसलात तर पिल्लं सुटतील, ती राखाडी असतात. चोच पाण्यात उलटी धरून चरणारा, डोकं खाली आणि मान वाकडी असलेला, तो रोहित. उडाला की पंखाखाली काळी किनार आणि लाल दिसतं. पुलाच्या अगदी जवळ, खांबांच्या बुडाशी जे काळे-पांढरे, काडीसारख्या लाल पायांचे दिसतात ते शेकाटे. तिवरांच्या टोकाला मान आखडून बसलेला मातकट पक्षी म्हणजे वंचक. उडेपर्यंत तो नुसता ढेकूळ वाटतो, उडाला की एकदम पांढरा. हे रंग बदलणं गाडीतूनही दिसतं.

भरती चढली की रोहित सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींकडे जातात. म्हणून ज्या दिवशी पुलावर पाणी भरलेलं मिळणार असेल, त्या दिवशी सीवूड्स-नेरुळलाच आभाळाकडे बघून घ्या. लांब, विस्कटलेली, मान ताणलेली रांग असते.

टाका_उसवला

हाताला काम हवं असेल तर क्रोशा. दोन सुयांचं विणकाम लोकलमध्ये नको. तिघांच्या बाकावर चौथा बसला की कोपर हलवायला जागा राहत नाही, आणि लांब सुईचं टोक शेजाऱ्याच्या बरगडीत. शिवाय गाडीने धक्का दिला की सुईवरून वीस टाके एकदम निसटतात. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो, निसटला तर एकच निसटतो.

सामान: चार मिलिमीटरची, जाड मुठीची सुई, मध्यम जाडीची लोकर, पन्नास ग्रॅमचा एक गुंडा, एक सेफ्टी पिन. कात्री नको, नखं कापायचं यंत्र लोकर छान तोडतं. एकूण वजन शंभर ग्रॅमच्या आत.

करायचं काय? चौकोन. पाच साखळ्या घालून गोल जोडा. त्या गोलात तीन-तीन खांबांचे चार गट, प्रत्येक दोन गटांमध्ये दोन साखळ्या. (खांब म्हणजे सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका. पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या.) या दोन-दोन साखळ्या म्हणजे चौकोनाचे कोपरे. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या पोकळीत तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब, आणि मधल्या प्रत्येक फटीत तीन खांब. गट वाढत जातात: चार, आठ, बारा, सोळा. चार फेऱ्या म्हणजे एकशेवीस खांब, दहा सेंटिमीटरच्या आसपासचा चौकोन. नवशिक्याला चाळीस मिनिटं लागतात, हात बसला की पंचवीस.

हे लोकलला इतकं सोयीचं का, तर मोजावं लागत नाही. मान वर करून पूल बघा, परत खाली बघा, फट दिसते, फटीत तीन खांब. पॅटर्नचा कागद नको, फोन नको. रोज दोन चौकोन धरले तर बाळाच्या दुपट्याएवढे ऐंशी चौकोन चाळीस कामाच्या दिवसांत होतात. लोकर साधारण आठशे ग्रॅम लागेल, पण ती एकदम घ्यायची नाही, दर आठवड्याला दोन गुंडे. फक्त पांढरी किंवा फिकट पिवळी घेऊ नका. गाडीच्या दांड्याला लागलेले हात लोकरीला लागतात, आठव्या चौकोनापर्यंत ती राखाडी होते.

फसतं ते असं. गुंडा मांडीवरून पडतो आणि बाकाखालून पलीकडच्या बाकापर्यंत लोळत जातो. म्हणून गुंड्याच्या आतलं टोक काढून विणा आणि गुंडा चेनच्या पाऊचमध्ये ठेवून चेनला बोटभर फट ठेवा. स्टेशन आलं की चालू टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची, सुई नुसती खोचून ठेवायची नाही. सॅकमध्ये ती निघतेच. आणि गर्दीत उभं राहून विणू नका. सुई धातूची आहे, ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीत.

पुरुषांना संकोच वाटतो म्हणून लिहिते: दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवशी शेजारचा विचारतो, ‘हे किती दिवसांत होतं हो?’ आणि मग आठवडाभर तोच फेऱ्या मोजतो.

मटार_पाव_किलो

लेडीज डब्यातलं जुनं काम सांगायचं राहिलं. हिवाळ्यात परतीला, बसायला मिळाल्यावर मटार सोलणं. किलोभर शेंगांचे चार-साडेचारशे ग्रॅम दाणे निघतात आणि हात सरावाचा असेल तर नेरुळ ते पनवेल एवढ्यात किलो संपतो. दोन कापडी पिशव्या, एकीत शेंगा, दुसरीत टरफलं, दाण्यांना डबा. मेथी निवडणंही चालतं, पण ओली जुडी घेऊ नका, माती मांडीवर येते. लसूण अजिबात नको, पंख्याच्या वाऱ्याने सालं डबाभर उडतात. टरफलं खिडकीतून टाकणाऱ्यांबद्दल काय बोलायचं ते बोलत नाही.

खांब_मोजणारा

खाडी, लोकर सगळं ठीक, पण गाडीचीही थोडी मजा घ्या की.

रुळांच्या कडेला ओव्हरहेड वायर धरणारे खांब असतात. प्रत्येकावर दोन आकडे, एकाखाली एक. वरचा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा क्रमांक. किलोमीटर सीएसएमटीपासून मोजतात, म्हणून सकाळी वरचा आकडा उतरत जातो. तो बदलला की घड्याळाचे सेकंद मोजायला लागा, पुन्हा बदलला की थांबा. ३६०० भागिले ते सेकंद, हा ताशी वेग. साठ सेकंद लागले तर साठ, पन्नास लागले तर बहात्तर, पंचेचाळीस लागले तर ऐंशी. दोन स्टेशनांमध्ये अंतर कमी असलं की गाडी वेग घेते आणि लगेच ब्रेक मारते, आकडा फसवा येतो. मोजायचं ते मानखुर्द-वाशी टप्प्यात, हार्बरवरचं सगळ्यात लांब अंतर तेच. आठवडाभर मोजलंत तर मोटरमनच्या सवयीसुद्धा कळायला लागतात, कोण ब्रेक लवकर लावतो आणि कोण फलाटाच्या टोकाला आल्यावर.

धावत्या गाडीत मध्येच दिवे आणि पंखे काही सेकंद जातात आणि परत येतात. तो बिघाड नव्हे. एका उपकेंद्राची वीज संपून दुसऱ्याची सुरू होते, त्यांच्यामध्ये तारेचा एक तुकडा वीज नसलेला ठेवलेला असतो, न्यूट्रल सेक्शन. गाडी तेवढं अंतर वेगाच्या जोरावर कापते. जागा ठरलेली असते. एकदा हेरून ठेवलीत की पंखा थांबायच्या आधी मनात तीन-दोन-एक मोजता येतं. पोरकट आहे, पण जमलं की फार बरं वाटतं. फलकांपैकी ‘सी/फा’ म्हणजे सीटी फाटक. पुढे फाटक आहे, मोटरमनने शिट्टी द्यावी.

तुमच्या मार्गाचा शेवट सगळ्यात गमतीचा. शिवडीपासून पुढे डावीकडे बंदराच्या जमिनी, गोदामं. मग डॉकयार्ड रोडला गाडी उंचावर येते आणि जुन्या चाळींच्या दुसऱ्या मजल्याच्या बरोबरीने चालते. गॅलरीतल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे, देव्हाऱ्यातला दिवा एका रेषेत. सँडहर्स्ट रोडला हार्बर वर आणि मेन लाईन खाली. जिना उतरून गाडी बदलायचं हे स्टेशन. नावांपैकी रे रोड आणि सँडहर्स्ट रोड ही मुंबईच्या गव्हर्नरांची नावं. २०२४ मध्ये विधिमंडळाने सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, रे रोडचं घोडपदेव आणि डॉकयार्ड रोडचं माझगाव करायचा ठराव केला.

आणि हे मनात असू द्या: देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला याच मार्गावर धावली, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत, हार्बरने. तेव्हा तारेत दीड हजार व्होल्ट डीसी होते, आता पंचवीस हजार एसी.

चौथी_सीट

सगळ्यांनी बसलेल्या माणसाचं लिहिलं. मस्जिद ते वाशी उभं राहायचं, एक हात कडीला, सॅक पोटावर, त्याचं काय?

मोकळा असतो एक हात आणि तोंड. आधी तोंडाचं बघू. मस्जिदला तर मसाल्याचा आणि सुक्यामेव्याचा बाजार स्टेशनला लागूनच आहे. आठवड्याला पन्नास रुपये म्हणालात ना? सोमवारी पाकिटभर एकच जिन्नस घ्यायचा आणि आठवडा पुरवायचा. उभ्या प्रवासात खायचा जिन्नस कोरडा, आवाज न करणारा, साल-बी नसलेला हवा. भाजलेली बडीशेप, काळे मनुके, खडीसाखर, आवळा सुपारी. चिवडा वाऱ्याने उडतो. भाजलेल्या शेंगदाण्याचं लाल साल समोरच्याच्या शर्टावर. बिया असलेली खजूर घेतलीत तर बी कुर्ल्यापर्यंत गालात ठेवावी लागते, कारण टाकायला जागाच नसते. जुलै-ऑगस्टमध्ये कच्छची ताजी खारीक येते, पिवळी आणि लाल. ती मात्र घरी न्या. कच्ची असेल तर तुरट, तोंड आखडतं. टोकाकडून मऊ, तपकिरी पडायला लागलेली निवडा.

आता हात. पुस्तक एका हाताने धरता येतं, पान उलटता येत नाही. म्हणून पान उलटावं लागणार नाही असं वाचायचं. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं कार्ड, त्यावर स्वतःच्या अक्षरात एक अभंग किंवा चार ओव्या. मस्जिद ते वडाळा वाचायचं, वडाळा ते कुर्ला कार्ड झाकून आठवायचं, अडलं तर डोकवायचं. एक कार्ड तीन दिवस. पाठ झालंच पाहिजे असं काही नाही, पण होतं. शाई जेलची नको, घामाने पसरते. बॉलपेनने लिहा आणि दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टी लावा, नाहीतर आठवड्यात कार्डाची चिंधी होते. ठेवायचं पासच्या पाकिटात, सॅकमध्ये ठेवलंत तर निघणारच नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी खिडकीकडून एकदम दाट, थोडा उग्र, गोडसर वास आला तर ती सातवीण. फुलं हिरवट पांढरी, अंधारात दिसत नाहीत, वासच सांगतो. नवी मुंबईत लावलेली भरपूर झाडं आहेत. काही लोकांचं त्या वासाने डोकं उठतं, त्यांनी रुमाल धरावा.

आणि शेकाट्या यांनी दाराचं लिहिलं ते पुन्हा लिहितो. दारात फोन काढून पुलाचे फोटो नकोत. रुळालगत काठीचा फटका मारून फोन पाडणारे असतात, आणि तोल गेला तर फोनपुरतं राहत नाही. दोन मिनिटं डोळ्यांनी बघा.

नवा_पासधारक

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. दोन शंका.

एक: पावसाळ्यात रोहित नाहीत, खिडक्यांची झडपं बंद. तेव्हा काय?
दोन: डब्यात भजन चालतं, तिथे बसावं की नाही?

खाडीकाठ

पावसाळ्यात बाजू बदला. मुंबईकडे जाताना उजवी. मानसरोवर ते बेलापूर डोंगर उजव्या हाताला येतात आणि चांगला पाऊस झाला की कड्यांवर पांढऱ्या रेघा उतरलेल्या दिसतात. पाऊस चालू असताना ढग खाली आलेले असतात, काही दिसत नाही. रात्रभर कोसळून पहाटे उघडलंय असा दिवस पकडायचा. पाऊस थांबल्यावर चार-सहा तासांत बऱ्याच रेघा बारीक होतात, म्हणून सकाळचीच गाडी बरी.

झडपांचं म्हणाल तर पाऊस बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे सकाळी तो डावीकडून मारतो. उजवीकडची झडप बऱ्याचदा उघडी ठेवता येते.

चौथी_सीट

भजनाचं: मंडळाचा डबा आणि दार ठरलेलं असतं, गाडीही ठरलेली. टाळ ऐकायला आवडत असतील तर त्यांच्यापासून दोन कप्पे लांब बसा. शेजारी बसलात तर हातात टाळ येतील आणि मग उद्यापासून तुमची जागाही ठरेल. नको असेल तर पुढचा डबा. मध्ये बसून कपाळाला आठ्या घालण्यात कुणाचंच भलं नाही.

स्टेशनबाहेरची_पाटी

पावसाळ्याचा खरा आनंद गाडीतून उतरल्यावर पनवेल स्टेशनबाहेर आणि बाजाराच्या रस्त्यावर असतो. डोंगरातल्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. दर आठवड्याला नवी भाजी, म्हणून रोज एक नजर टाकायची.

पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं. ती घेताना काकडं सोबत मागून घ्या. छोटी, हिरवी, आंबट फळं, जुडीला आठ-दहा. शेवळं खाजरी असतात, आंबटाशिवाय घसा धरतो. बाहेरचं आवरण आणि आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, मग काकडांचा कोळ. काकडं मिळाली नाहीत तर चिंच, पण हात सैल ठेवून.

मग फोडशी, तिलाच कुलू म्हणतात. गवतासारखी दिसते, बुडाशी पांढरी. माती त्या पांढऱ्या भागाच्या पापुद्र्यांत अडकते, म्हणून बूड उभं चिरून तीन पाण्यांत धुवा, नाहीतर दाताखाली कचकच. कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून करतात. टाकळा कोवळा असतानाच घ्यायचा, जूनअखेर-जुलैपर्यंत, पान अंगठ्याच्या नखाएवढं. पुढे कडवट होतो. जुलै-ऑगस्टात कर्टोली. हिरवी, घट्ट आणि काटे मऊ असलेली बघून घ्या. पिवळट झालेल्याच्या आत लाल, टणक बिया निघतात. अळंबी मात्र रोजच्या ओळखीच्या बाईकडूनच, अनोळखी टोपलीतली नको.

सुट्टे पैसे सकाळीच वेगळे ठेवा. साडेसात-पावणेआठला वाटे संपत आलेले असतात, आणि पाचशेची नोट काढलीत तर सुट्टे होईपर्यंत शेवटचा वाटा मागून आलेला माणूस उचलतो. पिशवी कापडीच हवी. प्लास्टिकमध्ये फोडशी घरी पोचेपर्यंत घामेजते आणि सकाळपर्यंत काळी पडते. कामाच्या दिवशी निवडायला वेळ नसेल तर न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस टिकते. शेवळं तेवढी थांबत नाहीत, त्याच रात्री चिरा.